पानाखालचा शब्द

इराणमधल्या एखाद्या जुन्या सचित्र हस्तलिखिताचं पान लंडनच्या लिलावात कोट्यवधींना गेलं, अशी बातमी आली की आपल्याकडेही ठरलेला वाद सुरू होतो. एक बाजू म्हणते, ही लूट आहे, ज्यांचं त्यांना परत करा. दुसरी म्हणते, परत करून काय होणार? तिकडे राहिलं असतं तर जळलं असतं, नाहीतर वाळवीच्या पोटात गेलं असतं. दोन्ही बाजू तावातावाने बोलतात आणि दोघींच्याही तोंडी शब्द एकच असतो: पान. पान कोणाचं? पान कुठे सुरक्षित? हे पान मुळात सुटं कसं झालं, त्याच्या मागचं आणि पुढचं पान कुठे गेलं, हे मात्र कोणी विचारत नाही. पान सुटंच असतं, असं जणू दोघांनीही गृहीत धरलेलं असतं.

माझं म्हणणं सुरुवातीलाच सांगतो. हस्तलिखित कोणत्या देशात असावं हा प्रश्न खरा आहे, पण तो दुसरा. पहिला प्रश्न, ते अखंड आहे का? भक्तिकाव्याच्या सजवलेल्या हस्तलिखितातून पान काढणं, ते विकणं, विकत घेणं, काचेत घालून भिंतीवर लावणं हा त्या कवितेवरच घातलेला घाव आहे. तो पॅरिसच्या व्यापाऱ्याने घातला, न्यूयॉर्कच्या धनिकाने घातला की आपल्याकडच्या हौशी संग्राहकाने, याने फरक पडत नाही. परत द्यावं की न द्यावं या वादालाही अर्थ तोवरच आहे, जोवर परत देण्याजोगं काही एकत्र उरलेलं आहे.

'चित्रांचं पुस्तक' या नजरेने पाहिलं की हा घाव दिसतच नाही. म्हणून आधी ज्यात माणसाचं एकही चित्र नसतं, अशा हस्तलिखिताकडे पाहू. तेराव्या शतकात इजिप्तमध्ये अल-बुसीरी नावाचा कवी होऊन गेला. त्याच्या शरीराची एक बाजू लुळी पडली, त्याने प्रेषितांच्या स्तुतीचं काव्य रचलं, स्वप्नात प्रेषितांनी आपली चादर त्याच्या अंगावर टाकली आणि सकाळी तो उठून चालू लागला, अशी कथा आहे. 'बुर्दा' म्हणजे ती चादर. काव्याला नाव पडलं तेच. १६० च्या आसपास बैत, म्हणजे दोन चरणांच्या द्विपदी, प्रत्येकाचा शेवट 'म'कारावर. मोरोक्कोपासून इंडोनेशियापर्यंत हे काव्य गायलं जातं, आपल्या केरळात त्याच्या मजलिसी भरतात. पुढच्या कवींना ते इतकं प्रिय झालं की त्यांनी त्याच्या बैतांना आपले चरण जोडले. मूळ बैताचे दोन चरण, त्यांच्या आधी नव्या कवीचे तीन, मिळून पाच. याला तखमीस म्हणतात.

आता हे कागदावर उतरवायचं कसं? बुसीरीचा शब्द आणि दोनशे वर्षांनंतरच्या कवीचा शब्द एकाच श्वासात म्हटले जातात, पण दोघांचा मान सारखा नाही. तखमिसाच्या उत्तम प्रतींमध्ये लेखनिकाने याचं उत्तर अक्षरांच्या आकारातच दिलेलं असतं. बुसीरीचे चरण मोठ्या, ठसठशीत वळणात. नंतरच्या कवीचे बारीक अक्षरात, कधी तिरके, शेजारी दबून बसल्यासारखे. पान पाहता क्षणी कळतं की गुरू कोण आणि मागून साथ करणारा कोण. मराठी वाचकाला हे परकं वाटू नये. आपल्या त्रिपाठी पोथ्यांमध्ये मूळ श्लोक मधोमध ठळक असतो आणि टीका त्याच्या वर-खाली बारीक अक्षरात वाहते. पानाची मांडणी हीच तिथे श्रद्धेची भाषा असते. मग अशा पोथीतलं एकच पान उचलून 'सुंदर अरबी सुलेखनाचा नमुना' अशी चिठ्ठी लावली, तर आपण नेमकं काय दाखवलं? बुसीरीच्या मागे किती पिढ्या उभ्या राहिल्या हे जिथे दिसत होतं, तिथे आता फक्त दोन आकारांची अक्षरं दिसतात.

आणि हे पान घडायला किती हात लागायचे! कागदाला खळ लावून तो घोटला जायचा, म्हणजे बोरू अडखळत नाही आणि शाई पसरत नाही. आपल्या दौलताबादेजवळच्या कागजीपुऱ्याने शतकानुशतकं असा कागद केला. दख्खनच्या दफ्तरांत 'दौलताबादी' हे कागदाचं नावच होऊन बसलं. मग आखणी करणारा, मग लेखनिक, मग सोन्याचं काम करणारा. तो सोन्याचा वर्ख डिंकात किंवा मधात बोटांनी तासन् तास खलायचा, धुऊन गाळायचा, कुंचल्याने भरायचा आणि वाळल्यावर अकीकाच्या गुळगुळीत दगडाने घासून त्याला चमक आणायचा. शेवटी बांधणी करणारा. या परंपरेने आपल्या कलावंतांची उतरंडही स्वतःच सांगून ठेवली आहे. १६०० च्या आसपास काझी अहमद याने इराणमध्ये कलावंतांची चरित्रं लिहिली, त्यात मुख्य जागा अक्षर घडवणाऱ्यांची आहे. चित्रकार त्यांच्या मागून येतात. आजच्या बाजारात हे नेमकं उलटं आहे. चित्र असलेल्या पानाला लाखोंचा भाव आणि नुसत्या अक्षरांच्या पानाला रद्दीच्या वरची किंमत. पुस्तक फोडण्याचं मूळ कारण हेच. ज्यांनी ते घडवलं त्यांनी ज्याला शिखर मानलं, तेच भाग व्यापाऱ्याच्या हिशेबात वेष्टनासारखे टाकून द्यायचे ठरले.

चित्र असतं तेव्हा तरी सुटं पान पुरतं का? १५३० च्या आसपास तबरीझमध्ये फारसी कवी हाफिजच्या दिवाणाची, म्हणजे कवितासंग्रहाची, एक प्रत झाली. तिच्यातलं सुलतान मुहम्मद या चित्रकाराने काढलेलं एक पान आज न्यूयॉर्कचं मेट्रोपॉलिटन म्युझियम आणि हार्वर्डची संग्रहालयं यांच्या सामाईक मालकीचं आहे. चित्रात मद्यशाळा आहे. खाली दाढीवाले लोक नाचताहेत, लोळताहेत, वाजवताहेत. वरच्या खिडकीत डोळे तारवटलेला एक वृद्ध पुस्तक घेऊन बसलाय. तो हाफिज असावा असं मानतात. सगळ्यात वर, गच्चीवर, देवदूत पेले हातात घेऊन पिताहेत. चित्रातच एका चौकटीत एक बैत लिहिलाय. त्याचा आशय असा: करुणेच्या फरिश्त्याने आनंदाचा पेला उचलला आणि त्यातल्या घोटाचं गुलाबपाणी हूर-परींच्या गालांवर शिंपडलं.

एवढ्यावर पाहणारा म्हणेल, मजेदार चित्र आहे. पण हा बैत एका गझलेतला आहे आणि ती गझल सुरू होते दारापाशी. मद्यशाळेचं दार झाडून ठेवलंय, पाणी शिंपडलंय. आत एक म्हातारा गुरू बसलाय आणि थोरामोठ्यांना, तरण्यांना, सगळ्यांना आत बोलावतोय. झाडलोट करून सडा घालणं म्हणजे काय, हे ज्याच्या अंगणात पहाटे सडा पडतो त्याला सांगावं लागत नाही. हाफिजची पहिली ओळ संपते 'आब जदा'वर, म्हणजे पाणी शिंपडलेलं. काही बैतांनंतर तेच शिंपणं परत येतं, पण आता 'गुलाब जदा', गुलाबपाणी शिंपडलेलं, तेही देवदूताच्या हातून. दारात पडलेलं साधं पाणी वर पोहोचेपर्यंत गुलाबपाणी होतं. सुलतान मुहम्मदने हेच तर रंगवलंय: खालचा दरवाजा, मधली खिडकी, वरची गच्ची. चित्राचा जिना गझलेच्या पायऱ्यांवर उभा आहे. काचेआडच्या पानात त्या पायऱ्यांपैकी एक तेवढी लिहिलेली आहे; बाकीची गझल जिथे होती त्या पुस्तकातून हे पान निघालेलं आहे. ईश्वराची धुंदी आणि मद्याची धुंदी यांच्यामधली जी सीमारेषा सूफी कवितेचा प्राण आहे, ती सुट्या पानात पुसली जाते आणि उरतो तो गुत्ता.

हे कोणी केलं याची नावं इतिहासात आहेत. चौदाव्या शतकात, इराणवर इलखानी मंगोलांचं राज्य असताना, झालेला मोठा शाहनामा पॅरिसचा व्यापारी जॉर्ज दमोत याच्या हाती विसाव्या शतकाच्या सुरुवातीला आला. अखंड ग्रंथाला गिऱ्हाईक मिळेना, म्हणून त्याने तो उसवून पानं सुटी केली. ज्या पानांच्या पाठपोट चित्रं होती ती पानं कागदाच्या जाडीतून चिरून एकाची दोन केली. सोळाव्या शतकातला इराणचा बादशहा शाह तहमास्प याच्या शाहनाम्यात २५८ चित्रं होती. १९५९ साली आर्थर हॉटन या अमेरिकन संग्राहकाने तो घेतला, पुढे त्याची पानं सुटी केली, काही १९७० मध्ये मेट्रोपॉलिटनला दिली आणि १९७६ पासून लिलावात विकायला काढली. १९९४ मध्ये उरलेली ११८ चित्रं, मजकुराची पानं आणि बांधणी एका आधुनिक अमेरिकन चित्राच्या बदल्यात तेहरानला परत गेली. विकल्या गेलेल्या पानांपैकी एकट्या एका पानाला २०११ मध्ये ७० लाख पौंडांहून अधिक किंमत आली. शाहनामा हे वीरकाव्य, भक्तिकाव्य नव्हे. पण बाजाराची रीत कळायला याहून उघड उदाहरण नाही. तेहरानला जे परत मिळालं ते काय होतं? निम्म्याहून कमी चित्रं उरलेलं एक पुस्तक. न्याय झाला असं म्हणायचं तर कोणत्या तोंडाने?

आता माझ्या विरुद्ध जे बोललं जातं त्यातलं सगळ्यात वजनदार आधी घेतो. पानं कापणं हा पाश्चात्त्यांचा शोध नाही, इराणी आणि मुघल राजपुत्रांनीच ते केलं, हे खरं आहे. मुरक्का हा प्रकारच तसा आहे: वेगवेगळ्या ठिकाणची अक्षरं आणि चित्रं कापून, चिकटवून, भोवती नवा सोनेरी समास रंगवून केलेला संग्रह. १५४४ च्या सुमारास दोस्त मुहम्मदने शाह तहमास्पचा भाऊ बहराम मिर्झा याच्यासाठी असा मुरक्का केला. जहांगीरचे मुरक्के तर जगप्रसिद्ध आहेत. मग दमोतला दोष कशाला?

फरक कात्रीत शोधला तर सापडणार नाही. कात्रीनंतर काय झालं त्यात तो आहे. दोस्त मुहम्मदने कापलेलं गोळा केलं. त्याला प्रस्तावना लिहिली, कोणत्या उस्तादानंतर कोण याचा क्रम लावला, एक नवं पुस्तक घडवलं. गोधडी शिवणाऱ्या बाईच्या हातातही कात्री असतेच. दमोतच्या कात्रीतून नवं पुस्तक निघालं नाही. त्यातून निघाली ती बिलं, आणि एकमेकांपासून हजारो मैलांवर पडलेली पानं.

त्याच परंपरेतलं एक उलट उदाहरण माझ्या मनात नेहमी असतं. सूफी कवी अत्तारच्या 'मंतिक-उत-तैर'ची, पक्ष्यांच्या संवादाची, एक प्रत १४८७ मध्ये हेरातला सुलतान अली मशहदी या थोर लेखनिकाने लिहून पूर्ण केली. चित्रांसाठी ठेवलेल्या जागांपैकी काही रिकाम्या राहिल्या. शतकभराने ती प्रत शाह अब्बासकडे आली. तो इराणचा सर्वसत्ताधीश. हवी ती पानं काढून घेतली असती तर कोण अडवणार होतं? त्याने आपल्या चित्रकारांकडून उरलेली चित्रं पूर्ण करून घेतली, नवी बांधणी करवली आणि आर्दबीलच्या दर्ग्याला ते पुस्तक वक्फ म्हणून दिलं. पानांवर वक्फचा शिक्का उमटला. आपल्याकडे देवस्थानाला दिलेलं इनाम जसं विकता येत नाही, तसंच हे. हबीबुल्लाहने काढलेल्या त्यातल्या एका चित्रात सगळे पक्षी जमलेत, हुदहुद त्यांना प्रवासाला निघायचं सांगतोय, आणि मागे डोंगराआडून खांद्यावर बंदूक टाकलेला एक शिकारी डोकावतोय. अत्तारची गोष्ट अनेकांना ठाऊक असेल. असंख्य पक्षी राजाच्या शोधात निघतात, सात दऱ्या ओलांडून तीसच पोहोचतात, आणि ज्या सीमुर्गच्या दर्शनाला आले तो सीमुर्ग म्हणजे हेच 'सी मुर्ग', तीस पक्षी, हे त्यांना कळतं. एकोणतीस पोहोचले असते तर सीमुर्ग दिसला असता का? ज्या कवितेचा सगळा अर्थ एकत्र येण्यावर उभा आहे, तिची पानं पाच शहरांत वाटून द्यायला हात तरी कसा धजावा?

दुसरा आक्षेप मला जास्त छळतो, कारण त्यामागचा हेतू चांगला आहे. अमेरिकेतल्या क्लीव्हलंडमध्ये ऑटो एगे नावाचे कलाशिक्षक होते. त्यांनी मध्ययुगीन ख्रिस्ती हस्तलिखितं डझनांनी फोडली, त्यांच्या पानांच्या पेट्या तयार केल्या आणि त्या शाळा-महाविद्यालयांत, ग्रंथालयांत पोहोचल्या. अरबी, फारसी अशा पौर्वात्य हस्तलिखितांच्या पानांचीही एक पेटी त्यांनी केली. १९३८ मध्ये लेख लिहून त्यांनी आपली बाजू उघड मांडली: अखंड पुस्तक एका श्रीमंताच्या कपाटात राहील, पण सुटी पानं हजारोंना पाहता येतील, हातात घेता येतील. सामान्य माणसाचा या वस्तूंवर हक्क आहे, हे माझंही म्हणणं आहे. लहान गावातल्या मुलाला पाचशे वर्षांपूर्वीची शाई जवळून पाहता यावी, ही इच्छा मी खोटी ठरवू शकत नाही.

पण त्या मुलाच्या हाती काय आलं? प्रार्थनेचं अर्धं वाक्य. ते कुठून आलं आणि कुठे चाललं होतं, हे त्याला कधीच कळणार नाही, त्याच्या शिक्षकालाही नाही. एगेंनी एक पुस्तक पन्नास जणांना दिलं असं वाटतं; खरं तर ते कोणालाच दिलं नाही. ज्याच्याकडे एक पान आहे त्याच्याकडे पुस्तक नाही आणि ज्या पन्नास जणांकडे पन्नास पानं आहेत त्या कोणाकडेही नाही. आज त्यांनी फोडलेल्या ग्रंथांची पानं जगभर शोधून, त्यांची छायाचित्रं जुळवून, संगणकाच्या पडद्यावर पुन्हा पुस्तक उभं करायचं काम अभ्यासक वर्षानुवर्षं करताहेत. एका संध्याकाळी सुटणारी शिवण जोडायला आयुष्यं जाताहेत. सामान्यांपर्यंत पोहोचवायचं तर आज छायाचित्र आहे. तेव्हाही छापील प्रतिकृती होत्या. त्यासाठी शिवण उसवायची गरज तेव्हाही नव्हती.

तिसरा आक्षेप आगीचा. १७ मे १९९२ रोजी सारायेव्होच्या प्राच्यविद्या संस्थेवर तोफगोळे पडले आणि अरबी, फारसी, तुर्की, बोस्नियाई अशी पाच हजारांहून अधिक हस्तलिखितं जळून गेली. ५ जानेवारी २००४ ला पुण्यातल्या भांडारकर संस्थेवरच्या हल्ल्यात काय झालं, ते आपल्यापैकी अनेकांनी डोळ्यांनी पाहिलंय. म्हणजे पानं चार ठिकाणी असती तर निदान काही वाचली असती, हे बरोबरच ना? हिशेबाने बरोबर आहे. पण वाचलेल्या संग्रहांकडे पाहा. त्याच सारायेव्होतल्या गाझी हुस्रेव बेग ग्रंथालयाची हस्तलिखितं लोकांनी गोळीबारातून पेट्यांत भरून एका जागेहून दुसऱ्या जागी पुन्हा पुन्हा हलवली आणि राखली. २०१२ मध्ये मालीतल्या तिंबक्तूची हस्तलिखितं ट्रंकांत भरून, मोटारींतून आणि नायजर नदीतल्या होड्यांतून बामाकोला नेली. जीव धोक्यात घालणाऱ्या त्या माणसांनी 'वाचवण्यासाठी' कुठलं पान फाडलं होतं? त्यांनी पेट्या उचलल्या. आगीची भीती खरी असेल तर तिच्यावरचा उपाय म्हणजे चांगलं कपाट, चांगलं छायाचित्र आणि उचलायला तयार हात.

चौथं म्हणणं भक्तांचंच आहे आणि त्याचा मी सगळ्यात जास्त आदर करतो. ही कविता कागदावर जगतच नाही, कंठात जगते. १४०९ मध्ये बुर्सात सुलेमान चेलेबीने तुर्कीत रचलेलं मेव्हलिद, म्हणजे प्रेषितांच्या जन्माचं काव्य, आजही जन्माला, मृत्यूला, घरोघरी म्हटलं जातं. तुकोबांच्या वह्या इंद्रायणीत बुडाल्याची कथा आपण लहानपणापासून ऐकतो. नदीने त्या परत दिल्या असं कोणी म्हणतो, लोकांच्या मुखी त्या होत्याच असं कोणी म्हणतो. मग पानांची एवढी चिंता कशाला?

कारण म्हटल्याच्या खुणा कागदावर असतात. पंधराव्या शतकात मोरोक्कोच्या अल-जझूलीने प्रेषितांसाठीच्या दुआंचा 'दलाइल-उल-खैरात' हा संग्रह केला. त्याची विभागणी आठवड्याच्या वारांप्रमाणे करून म्हणायची रीत आहे आणि हस्तलिखितांत तो तो भाग सुरू होतो तिथे समासात फुलासारखी सोनेरी खूण असते. जुन्या प्रतींत मदिनेतल्या प्रेषितांच्या कबरीचं चित्र, पुढे मक्का आणि मदिना यांची समोरासमोरच्या दोन पानांवरची चित्रं असतात. या चित्रांचा रंग पुष्कळदा पुसट झालेला, फरकाटलेला दिसतो. कारण माणसांनी त्यांना बोटं लावून ती डोळ्यांना लावली, ओठ टेकले. आपल्याकडे पारायणाच्या पोथीला पानाच्या उजव्या कोपऱ्यात हळदीकुंकवाचा आणि तेलकट अंगठ्याचा डाग असतो, तसंच हे. कंठ शब्द राखतो. मंगळवारी कुठे थांबायचं, कोणत्या शब्दाशी पान उलटायचं, कुठे हात डोळ्यांना लावायचा, हे कागद राखतो. आणि मक्का-मदिनेची जोडी फोडून दोन घरांत दोन फ्रेमी लागल्या, की उघड्या पुस्तकात समोरासमोर असलेली ती दोन शहरं पुन्हा एकमेकांना दिसत नाहीत.

आता मूळ वादाकडे येतो. विजापूरच्या आसार महालात प्रेषितांचे केस जपलेले आहेत. तिथेच आदिलशाही ग्रंथसंग्रहातला उरलासुरला भाग होता. तोच दरबार जिथे इब्राहिम आदिलशहाने (दुसरा) दखनीत 'किताब-ए-नौरस' रचली, तिच्यात सरस्वतीला, प्रेषितांना आणि गुलबर्ग्याच्या सूफी संत गेसूदराजांना एकत्र वंदन केलं, आणि ती सुरेख अक्षरात उतरवणाऱ्या खलीलुल्लाहला 'कलमेचा बादशहा' म्हटलं. १८१८ नंतर विजापूर सातारकर छत्रपतींच्या मुलखात होतं. १८४८ मध्ये सातारा खालसा झाला आणि पुढच्या काही वर्षांत आसार महालातले ग्रंथ लंडनला गेले. ते न्यायला इंग्रजांना काय अधिकार होता? कोणताच नाही. १८२८ मध्ये रशियन सैन्याने आर्दबीलच्या दर्ग्यातून ग्रंथ उचलून सेंट पीटर्सबर्गला नेले, तेही तसंच.

पण एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगायला हवी. विजापूरचे ग्रंथ लंडनमध्ये विजापूरचे म्हणून ओळखता येतात. त्यांची सूची १८७७ मध्ये छापली गेली. म्हणूनच आज कोणी विजापूरकर उठून म्हणू शकतो, हे आमचं आहे, हे बघा यादीत. तेच ग्रंथ एखाद्या व्यापाऱ्याच्या हाती पडून पानापानाने गेले असते, तर कोणी काय मागितलं असतं, आणि कोणाकडे? परत मिळवण्याचा हक्क ज्यांना खरोखर बजावायचा आहे, त्यांनी सर्वांत आधी पानांचा व्यापार थांबवण्यासाठी आवाज उठवला पाहिजे. फुटलेलं पुस्तक कोणाचंच नसतं.

कायदा इथे अपुरा पडतो. १९७० चा युनेस्कोचा करार चोरट्या आयात-निर्यातीविरुद्ध आहे. आपल्याकडे १९७२ च्या पुरावशेष कायद्यानुसार ७५ वर्षांहून जुनं, मोलाचं हस्तलिखित पुरावशेष ठरतं. त्याच्या निर्यातीवर आणि व्यापारावर बंधनं आहेत. पण मालकाने आपलंच पुस्तक आपल्याच घरात सुरीने सोडवलं, तर? तिथे उरतो तो विकत घेणाऱ्याचा विवेक. संग्रहालयांनी नव्याने सुटं झालेलं पान कोणत्याही किमतीला घेऊ नये. आधीच असलेल्या पानाशेजारी त्याची भावंडं कुठे आहेत ते लिहावं, आणि त्या पानावरची कविता पाहणाऱ्याला त्याच्या भाषेत वाचायला द्यावी. घरात आजोबांच्या काळची फारसी-अरबी पोथी असेल, आणि मराठवाड्यात, खानदेशात, कोकणात अशी घरं आहेत, तर तिची चार देखणी पानं फ्रेम करायचा मोह टाळावा. आहे तशी बासनात ठेवावी.

हे मी इतक्या आग्रहाने लिहितोय त्याला एका दुपारचं कारण आहे. एका स्नेह्यांच्या दिवाणखान्यात एक चित्र होतं, प्रवासात कुठल्याशा बाजारातून आणलेलं. पिवळट कागदावर फारसी ओळी आणि मधोमध चौगान खेळणारे चार घोडेस्वार, लखलखीत निळे-तांबडे. त्या दिवशी तिथे फारसीचे एक निवृत्त शिक्षक आले होते. त्यांनी चित्र भिंतीवरून उतरवायला सांगितलं, खिडकीशी नेलं आणि भिंग लावलं. घोड्यांच्या पोटाखालून अक्षरांच्या शेपट्या बाहेर आल्या होत्या. कागद जुना होता, चित्र नवं. लिहिलेल्या जुन्या पानावरच, पर्यटकांना विकण्यासाठी, रंग चढवला होता. "सर, लिहिलंय काय?" मी विचारलं. ते वाचू लागले, "इलाही..." आणि थांबले. पुढचा शब्द घोड्याच्या टापेखाली होता. मुनाजात होती ती, देवाशी केलेलं आर्जव. दर दोन-तीन शब्दांनी सर थांबत होते. दिवाणखान्यात कोणी बोलत नव्हतं.

मग त्यांनी बोट खाली नेलं. लिहिलेल्या चौकटीच्या बाहेर, डाव्या कोपऱ्यात, एकच शब्द तिरका लिहिला होता. "याला रिकाबा म्हणतात," ते म्हणाले. "आपण रिकीब म्हणतो ना, घोड्यावर चढताना पाय ठेवायची, तोच शब्द. पुढच्या पानाचा पहिला शब्द इथे लिहून ठेवायचे, म्हणजे बांधणाऱ्याचा क्रम चुकत नाही, म्हणणाऱ्याचा श्वास तुटत नाही." मी शब्द विचारला. त्यांनी भिंग जवळ नेलं. "बिबख्श." म्हणजे? "क्षमा कर. किंवा, दान दे. दोन्ही होतं." मग इथे कोणतं? सरांनी फ्रेम उलटी करून पाहिली. मागे पुठ्ठा होता. "ते पुढच्या पानावर असणार," ते म्हणाले.